अकरा नेमणूकपत्रं

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या अकोल्याच्या कॉलेजात एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी पडद्यावर चार रकान्यांचा तक्ता दाखवला: बूमर, जेन एक्स, मिलेनियल, जेन झी. प्रत्येक नावाखाली त्या पिढीचे गुणदोष लिहिलेले. १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेले ते मिलेनियल, असं सांगून त्यांनी आम्हाला हात वर करायला लावले. माझा जन्म १९८६ चा. मी हात वर केला. मग त्यांनी आमचा रकाना मोठ्यानं वाचला. एका नोकरीत टिकत नाहीत. बचत करत नाहीत, फिरण्या-खाण्यावर पैसा घालवतात. लग्न, घर, मूलबाळ पुढे ढकलतात. कशातच बांधून घ्यायची तयारी नसते.

त्या दिवशी माझ्या पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अकरा नेमणूकपत्रं होती. अनुभवाच्या दाखल्यासाठी ती कार्यालयात दाखवायची होती. अकराही पत्रं याच कॉलेजची. पहिलं २०१३ चं. मी समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. आमच्याकडे सगळे ‘सीएचबी’ म्हणतात. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मुलाखत होते, सत्रापुरती नेमणूक मिळते, घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात आणि तेही काही महिन्यांचे एकदम येतात. सुट्टीचे पैसे नाहीत. उन्हाळ्यात तर काहीच नाही. पुढच्या जुलैत पुन्हा तीच प्रमाणपत्रं घेऊन त्याच खोलीबाहेर बसायचं. म्हणजे मी बारा वर्षांत एकही नोकरी सोडलेली नाही, पण ती अकरा वेळा सुटली आहे.

राहते मी अमरावतीला, साईनगरात, आईबाबांजवळ. अकोल्यात खोली घेतली नाही, कारण काम वर्षातले आठ-नऊ महिने आणि भाडं मात्र बाराही महिने. म्हणून अप-डाउन. सकाळी बडनेरा गाठायचं. कुरूम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव करत अकोला. गाडी चुकली की बस. महामार्ग वर्षानुवर्षं उखडलेला होता, तेव्हा बसच्या खिडकीतून इतकी धूळ यायची की वर्गावर जाण्याआधी तोंड धुवावं लागे. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर एका लेनचं सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मला खरोखर आनंद झाला. मनात आलं की ठरवलं तर आपल्याकडे पाच दिवसांत इतकं होऊ शकतं. रिकाम्या जागा भरायचंही कोणी असंच ठरवावं, असं तेव्हापासून वाटत राहिलं आहे.

तक्त्यातल्या नावांचा उगम मला माहीत होता, कारण हा भाग मी एम.ए.च्या मुलांना शिकवते. विल्यम स्ट्रॉस आणि नील हाव या दोन अमेरिकी लेखकांनी १९९१ च्या ‘जनरेशन्स’ या पुस्तकात ‘मिलेनियल’ हा शब्द रूढ केला. २००० साली शाळा संपवून बाहेर पडणारी अमेरिकी मुलं त्यांच्यासमोर होती. पुढे प्यू या संशोधन संस्थेनं १९८१ ते १९९६ ही हद्द आखली, तीही अमेरिकेपुरतीच. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ मध्ये, कार्ल मॅनहाइम या समाजशास्त्रज्ञानं पिढीच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. एका साली जन्मल्यानं पिढी होत नाही, एकाच घडामोडीतून एकत्र गेल्यानं होते, असं त्याचं म्हणणं. मला हे शिकवायला फार सोपं जातं, कारण माझी आजी तसंच बोलायची.

आजी दर्यापूर तालुक्यातली, खारपाणपट्ट्यातली. तिला जन्मसाल कोणाचंच ठाऊक नव्हतं. ‘बहात्तरच्या दुष्काळात हा रांगत होता’, ‘ते पोट्टं मिलो खाऊन वाढलं’, अशी तिची मोजणी. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होते. हजेरीपटावर नाव असलं तरच मजुरी. त्याच काळात राज्यात रोजगार हमी सुरू झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. बाबा पुढे डी.एड. करून १९७८ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि २०१३ मध्ये निवृत्त झाले, त्याच वर्षी मला पहिलं नेमणूकपत्र मिळालं. साईनगरातला प्लॉट त्यांच्या सव्वा वर्षाच्या पगारात आला होता. घराला भविष्यनिर्वाह निधीतून उचल मिळाली.

‘‘मी एकाच खात्यात पस्तीस वर्षं काढली बेटा. तुमच्या पिढीले टिकताच येत नाही,’’ असं ते बऱ्याचदा म्हणत. रागानं नाही, काळजीनं. माझ्या वयाची भाची-पुतणी पुण्यात दोन-दोन वर्षांनी कंपन्या बदलतात, ते त्यांच्या डोळ्यांसमोर असे.

त्यांच्या आणि माझ्यामधली रेघ कुठे आहे, ते मला आमच्या स्टाफरूममध्ये कळलं. आमच्याकडे दोन सहकारी आहेत, दोघेही १९७८ साली जन्मलेले. एक सप्टेंबर २००५ मध्ये लागले, दुसरे जानेवारी २००६ मध्ये. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांना जुनी पेन्शन बंद झाली. त्यामुळे पहिल्यांना निवृत्तीनंतर ठरलेली पेन्शन मिळेल, दुसऱ्यांच्या पगारातून अंशदान कापलं जातं. विषय एक, वय एक, शिक्षण एक. घराचं कर्ज किती वर्षांचं घ्यायचं इथपासून मुलीला कुठे शिकायला पाठवायचं इथपर्यंत दोघांचे निर्णय वेगळे पडतात. मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यभर संप झाला, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या टोप्या घालून लोक रस्त्यावर उतरले. दुसरे सहकारी त्यात होते. आम्ही सीएचबीवाले वर्गाबाहेरच्या बाकावर बसून होतो. संप करायला आधी नोकरी लागते, आणि तास झाला नाही तर पैसेही नाहीत. तक्त्यात ते दोघे जेन एक्स आहेत. स्टाफरूममध्ये ते दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे आहेत, आणि मी तिसऱ्या.

सप्टेंबर २०१९ मध्ये वाहनविक्री घटली होती, तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चेन्नईत सांगितलं की मिलेनियलांना गाडीच्या हप्त्यात अडकायचं नसतं, ते ओला-उबर पसंत करतात. मंदीच्या कारणांपैकी हेही एक. त्याच्या दोनेक महिने आधी मी स्कूटीसाठी एका बँकेत कर्ज मागायला गेले होते. तिथल्या साहेबांनी माझं नेमणूकपत्र वाचलं, शेवटच्या तारखेवर बोट ठेवलं आणि ते परत दिलं. सत्र संपतं एप्रिलमध्ये, हप्ते चालणार तीन वर्षं. त्यांच्या नियमानं ते बरोबर होते. पण हप्ता मला नको होता असं कोणी म्हटलं की मला ते बोट आठवतं. मी अजून स्टेशनवरून ऑटोनं कॉलेजात जाते.

चुलतभावाचं याहून कठीण आहे. तो १९९० चा, तक्त्याप्रमाणे माझ्याच पिढीचा. दर्यापूरकडे साडेसात एकर सांभाळतो. विहिरीचं पाणी खारं, पिकाला चालत नाही. म्हणून पावसावर कपाशी आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा. आजोबांच्या काळी एकाधिकार योजना होती, कापूस ठरल्या भावानं फेडरेशनला जायचा. हा गावात काटा घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला खेडा खरेदीत विकतो, कारण घरी साठवून भावाची वाट पाहायला हाती पैसा उरत नाही. बीटी कपाशी २००२ मध्ये आली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा तो दहावीत होता. त्याच्या वर्गातल्या मुलांनी शेजारपाजारच्या घरांतल्या आत्महत्या पाहिल्या. माझ्या मते या भागातली त्या वयाची पिढी तिथे घडली.

प्रशिक्षणाहून आल्यावर मी त्याला फोनवर तक्त्याचं सांगितलं. लग्न पुढे ढकलण्याचं ऐकून तो जरा वेळ गप्प राहिला.

‘‘ताई, म्या कायले पुढं ढकलू? सात जागी पोरगी पाहाले गेलतो. सातही जागी पहिला प्रश्न एकच, नोकरी कोठी हाय? शेती किती, कसा राहतो, हे कोणी पुसलंच नाही.’’

मुलींना मी दोष देत नाही. त्यांनी आयांचे हाल पाहिले आहेत. पण चौतीस वर्षांच्या, एक दिवस रिकामा न बसणाऱ्या माणसाच्या नावापुढे ‘जबाबदारी टाळतो’ असं लिहिलेलं मला सहन होत नाही.

हे सगळं माझ्या बाजूनं सांगताना मीही कोणाला रकान्यात बसवलं, ते सांगितलं पाहिजे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तासाला सारखी मोबाइलमध्ये डोकं घालून होती. ‘तुमची पिढी’ असं म्हणूनच मी तिला उभी केली. तास संपल्यावर तिनं स्क्रीन दाखवली. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती आणि तिच्या गावात नेटवर्क मिळत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी तिची क्षमा मागितली.

त्या आठवड्यातल्या रविवारी मी फोल्डर बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, अकराही पत्रं वाचली. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे प्रत्येक पत्राची सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहिली, मधल्या कोऱ्या महिन्यांची बेरीज केली. बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसले.

‘‘हे तर रोजगार हमीसारखंच झालं ना वं,’’ ते म्हणाले. ‘‘काम निघालं तर मजुरी.’’

सतराव्या वर्षी खडी फोडलेल्या माणसानं ते म्हटलं होतं. त्यानंतर टिकण्याचा विषय त्यांनी माझ्यापाशी काढलेला नाही.

पिढ्यांचे तक्ते घेऊन कॉलेजात येणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. जन्मसालाच्या शेजारी आणखी एक रकाना घाला: पहिली कायम नेमणूक कधी मिळाली. त्या दिवशी आमच्या सभागृहात बेचाळीस शिक्षक बसले होते. त्यांतल्या एकोणीस जणांना तो रकाना कोरा सोडावा लागला असता.