कीबोर्ड एकीकडे, डबडी दुसरीकडे

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला हवेशीर खोली हवी होती, आणि आमच्या घरात तशी एकच, माझी कामाची. तिथे दोन कंप्युटर, त्यांचे घुमणारे पंखे आणि रात्री दोनला ऑफिसचा फोन आला की खडबडून उठणारा मी. आईची झोप आणि माझी नोकरी एका खोलीत मावेनात. तेव्हा ठरवलं, डबडी स्वयंपाकघरामागच्या स्टोअररूममध्ये, आणि मॉनिटर, कीबोर्ड, माउस हॉलमध्ये. मधलं अंतर भिंतीच्या कडेकडेने १२ मीटर.

तुम्ही म्हणाल, रिमोट डेस्कटॉप आहे की! आहे ना, पण ऑपरेटिंग सिस्टीम जागी असेल तोवरच. मशीन बायोसमध्ये अडकलं किंवा सुरू होतानाच डिस्कचा पासवर्ड मागत बसलं, की त्याला काही दिसत नाही. मला नेमकं तेच बघायचं असतं.

दोन कंप्युटरना एकच कीबोर्ड-मॉनिटर पुरवणारा केव्हीएम स्विच माझ्याकडे होताच (लिनक्सच्या पोटातलं केव्हीएम वेगळं, गल्लत नको). प्रश्न लांबीचा. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरच्या पुढे चालेल याची खात्री नाही. म्हणून एक्सटेंडर: एक डबी इकडे, एक तिकडे, मध्ये कॅट-६ केबल. स्विच कंप्युटरांपाशीच ठेवायचा आणि एक्सटेंडर त्याच्या पुढे लावायचा, म्हणजे एकाच जोडीत भागतं. उलट केलंत तर प्रत्येक कंप्युटरला वेगळी जोडी. आणि हो, ही केबल राउटरमध्ये खोचू नका. टोक तेच असलं तरी अशा बऱ्याचशा जोड्यांमध्ये आतून इथरनेट वाहत नाही.

सगळं जोडलं. चित्र आलं, कीबोर्ड मात्र ठप्प! स्विचच्या कीबोर्डसाठीच्या खाचेला समोर खराखुरा कीबोर्ड हवा असतो, आणि एक्सटेंडरची डबी स्वतःची ओळख हब म्हणून करून देते. तीच वायर शेजारच्या साध्या यूएसबी खाचेत लावली, कीबोर्ड चालू. पण तिथे स्विच आपल्या कळा ऐकत नाही, त्यामुळे दोनदा स्क्रोल लॉक दाबून कंप्युटर बदलायची सोय गेली.

दुसरी भानगड ईडीआयडीची. म्हणजे मॉनिटरची ओळखचिठ्ठी, मूळ १२८ बाइट्सची. स्विच दुसरीकडे वळला की पहिल्या कंप्युटरला चिठ्ठी मिळेना. मॉनिटर गेला असं समजून तो सगळ्या खिडक्या कोपऱ्यात गोळा करून ठेवी. चिठ्ठी लक्षात ठेवणारा स्विच आणल्यावरच ते थांबलं. पैसे गेले, पण इथे काटकसर करू नये असं माझं मत.

जुन्या व्हीजीएच्या काळात यापेक्षा गंमत असे. कॅट-५ मधल्या जोड्यांचे पीळ वेगवेगळे, म्हणून लाल, हिरवा, निळा पोचायला मागेपुढे होत आणि अक्षरांना रंगीत सावल्या पडत. असो.

बटण मात्र स्टोअररूममध्येच राहिलंय. सध्या ऑफिसच्या मशीनवरून स्वतःच्या मशीनवर यायचं तर उठून डाळ-तांदळाच्या डब्यांपर्यंत चालत जावं लागतं. लांब वायरचं बटण मागवलंय.