तीनशे रुपयांची ओळ



तुम्ही हा अंक हातात घेतलात तो नामाच्या आणि संतांच्या गोष्टी वाचायला. मी मात्र तुम्हाला तबकड्यांची गोष्ट सांगणार आहे. सुई टेकवली की गाणाऱ्या, काळ्या, गोल तबकड्या. ज्यांना आपण घरात रेकॉर्ड म्हणत आलो. रागावू नका, थोडा वेळ द्या. ही गोष्ट शेवटी वारीच्या वाटेवरच येते, आणि तिच्यात मला माझी एक चूक कबूल करायची आहे. जिच्याकडे करायची तिच्याकडे केली. पण आपण एकाच वाटेवर चालणारी माणसे, म्हणून तुमच्यापुढेही करतो.

मला तंबाखू नाही, पत्ते नाहीत. व्यसन आहे ते या तबकड्यांचे. बँकेतून निवृत्त झालो आणि ते वाढले. पुण्यात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहा जण एकाच्या घरी जमतो. प्रत्येकाने एक तबकडी आणायची, सगळ्यांनी ऐकायची, मग त्यावर बोलायचे. कोणी भीमसेनजींची 'अभंगवाणी' आणतो, कोणी विष्णुपंत पागनिसांच्या आवाजातली जुनी ७८ फेऱ्यांची, लाखेची जड तबकडी. ती एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजते. कोणी परदेशातून नुकतीच निघालेली नवी आवृत्ती आणतो. तुम्हाला वाटेल, आता हे कोण घेते? पण २०२२ साली अमेरिकेत सीडीपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या. असे १९८७ नंतर पहिल्यांदाच घडले.

आमचा वाद नेहमी एकाच गोष्टीवर होतो. गाणे तेच, गाणारा तोच, मग एक तबकडी गोड का वाजते आणि दुसरी कोरडी का? त्यासाठी ती कशी बनते ते थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा मऊ थर असतो. त्यात गाण्याची नागमोडी रेघ कोरतात. तिच्यावर चांदीचा पातळ लेप देऊन निकेल चढवतात आणि ते निकेल सोलून काढतात. हा झाला उलटा ठसा, त्याला कारखान्यात 'फादर' म्हणतात. त्याच्यावर पुन्हा निकेल चढवून जी सुलटी चकती मिळते, तिचे नाव 'मदर'. तिच्यावरून 'स्टॅम्पर' काढतात, आणि ते स्टॅम्पर तापलेल्या प्लास्टिकवर दाबले की तुमच्या-माझ्या घरात येणारी तबकडी तयार होते. स्टॅम्पर झिजतो. झिजला की मदरकडे जायचे, नवा काढायचा. हे पहिल्यांदा समजले तेव्हा मला फार बरे वाटले. बाप आणि लेकरे मागे पडतात, पण सगळे पुन्हा पुन्हा जिच्याकडे जातात ती आईच. वारकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

ताज्या स्टॅम्परची तबकडी स्पष्ट वाजते, झिजलेल्याची मलूल. मधले भोक केसभर सरकले, तर लांबवलेला सूर डुलू लागतो. हल्ली १८० ग्रॅमची जाड तबकडी म्हणून जास्त पैसे घेतात. पण नुसत्या वजनाने आवाज सुधारत नाही. कोरणाऱ्याचा कान आणि मूळ फीत चांगली लागते. म्हणून पहिल्या छपाईला मान. ती ओळखायची कशी? शेवटचे गाणे संपते तिथून मधल्या कागदापर्यंत एक मोकळी गुळगुळीत पट्टी असते. तिच्यावर बारीक अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. तबकडी उजेडात तिरपी धरायची आणि वाचायची. हे वाचता येणारी माणसे थोडी. मी त्यातला एक, आणि याचा मला अभिमान होता. तिथेच घसरलो.

आमच्यात एक 'चीफ' होते. मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेले. ते बंदराबंदरातून तबकड्या घेऊन यायचे. निवृत्त झाल्यावर आमच्याच दिंडीत चालू लागले. दिवसा टाळ, रात्री मुक्कामाला माझ्याजवळ बसून हळू आवाजात जॅझच्या गप्पा. हे न्यू ऑर्लिन्सच्या वस्त्यांत वाढलेले संगीत. समजत नव्हते तेव्हाही त्यांनी मला ते ऐकायला शिकवले. चीफ गेले. काही महिन्यांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, या तबकड्यांचे मी काय करू? भंगारवाला किलोवर मागतोय. तुम्हीच बघा, योग्य ते द्या आणि घेऊन जा."

मी गेलो. जमिनीवर सतरंजी टाकून दोन दिवस बसलो. दोनशेच्या वर तबकड्या होत्या. एकेक पुसली, पाहिली, वहीच्या कागदांवर नाव आणि किंमत लिहिली. माउली, त्यातली प्रत्येक किंमत रास्त होती. दोन ठिकाणी तर मी बाजारापेक्षा जास्त धरली. फक्त एक ओळ सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'ब्लू नोट' या कंपनीची एक तबकडी हातात आली. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही कंपनी. तिचे ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डर नावाचा माणूस करायचा. १९५९ पर्यंत तो दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचा आणि हॅकनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात गाणी मुद्रित करायचा. तबकडी तिरपी धरली. मोकळ्या पट्टीवर त्याच्या नावाची अक्षरे. शेजारी माणसाच्या कानासारखी दिसणारी एक खूण. ती १९६६ पूर्वी त्यांच्या तबकड्या दाबणाऱ्या कारखान्याची. मधल्या कागदावर जुना पत्ता, '४७ वेस्ट ६३'. पहिली छपाई, आणि जवळजवळ ओरखडा नाही. या एकाच तबकडीची किंमत समोरच्या बाकी सगळ्या ढिगापेक्षा जास्त होती, हे मला त्या क्षणी कळले.

आत वहिनी चहा ठेवत होत्या. मी कागदावर लिहिले : 'इंग्रजी वाद्यसंगीत, १ नग, ३०० रुपये.'

एवढेच. कोणी पाहिले नाही. पेनही अडखळले नाही.

घरी आणून ती मी रात्री ऐकली. एकदाच. ट्रम्पेट असे पुढे आले की जणू खोलीत कोणी उभे आहे. आणि माझ्या लक्षात आले, की ही तबकडी मला रविवारी नेता येणार नाही. पाचही जण विचारतील, कुठून आणली? जी वस्तू चार माणसांत ऐकता येत नाही, तिचा मालक होऊन मी काय मिळवले होते? ती मी कपाटात मागच्या बाजूला ठेवली. मन म्हणायचे, वहिनींना कुठे कळते, भंगारवाल्याने तर तीस रुपयेही दिले नसते. तुम्हीही स्वतःशी असे कधी बोलला असाल, तर ठाऊक असेल : हे बोलणे पटते, पण संपत नाही. रोज नव्याने बोलावे लागते.

पुढे २०२२ साली अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीचे प्रकरण निघाले. मूळ फितीवरून थेट कोरलेल्या समजून लोक ज्या महागड्या तबकड्या घेत होते, त्यातल्या अनेकांच्या मध्ये डिजिटल पायरी होती, असे उघड झाले. आमच्या बैठकीत केवढा संताप! एकजण म्हणाला, "आवाज तर सगळ्यांना आवडला होता ना? मग बिघडले कुठे?" त्यावर मी ताडकन म्हणालो, "आवाजाचा प्रश्नच नाही. समोरच्याला जे माहीत नाही त्याचा फायदा घेतला, ही फसवणूक." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घरी आलो आणि कपाटाकडे पाहिले नाही.

मग एका रविवारी आमच्यातला सर्वांत तरुण एक नवी तबकडी घेऊन आला. जुन्या जॅझच्या फिती पुन्हा काढून, निष्णात माणसाकडून कोरून घेऊन ब्लू नोट २०१९ पासून 'टोन पोएट' नावाची माला काढते. त्यातली ही होती. वरचे चित्र पाहताच माझे हात गार पडले. तेच नाव, तोच ट्रम्पेटवाला. आम्ही ती ऐकली. पार्श्वभूमी शांत, खालचे स्वर भरदार. तो म्हणाला, "मूळ छपाई कोणाकडे असती तर शेजारी ठेवून ऐकली असती." दुसरा म्हणाला, "चीफकडे होती. न्यूयॉर्कला घेतली म्हणून सांगायचे. विकली असेल बहुतेक." सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण ढीग मी पाहिला होता. मी म्हणालो, "नव्हती त्यात."

माउली, तोवर मी लिहिलेले खोटे होते. आता बोललेलेही झाले.

आषाढी वारी निघाली. वहिनी दरवर्षीप्रमाणे डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत. दिवे घाट चढून आम्ही सासवडला आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. वाढायला वहिनी स्वतः. माझ्या पानापाशी थांबून म्हणाल्या, "भाऊजी, पोटभर जेवा. आजची पंगत ह्यांच्या नावाने आहे, तुम्ही दिलेल्या पैशातून. तुम्ही होता म्हणून. नाहीतर मला कोणीही फसवले असते. तुमचे ते कागद मी जपून ठेवलेत. एकेका तबकडीचा हिशोब!"

घास तोंडात होता. तो गिळायला मला किती वेळ लागला, ते मलाच ठाऊक. पान टाकून उठता येत नव्हते, आणि खाववत नव्हते.

त्या रात्री, जेजुरीला, मग वाल्ह्याला, मी वाक्ये जुळवत राहिलो. पायांना भेगा पडल्या होत्या, पण तिकडे लक्ष नव्हते. शेवटी नीरेच्या काठी, स्नानाची गर्दी ओसरल्यावर, वहिनी ओले पातळ पिळत होत्या तिथे गेलो आणि सांगून टाकले. जुळवलेले एकही वाक्य आठवले नाही. म्हणालो, "वहिनी, त्या कागदावरची एक ओळ खोटी आहे. तीनशे लिहिलेली तबकडी फार महाग आहे. मला माहीत होते. मी मुद्दाम लिहिले."

त्या पिळत राहिल्या. मग पातळ खांद्यावर टाकून विचारले, "किती?"

मी आकडा सांगितला. त्यांच्या नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची काळजी त्या दिंडीत बोलून दाखवत होत्या, हे मला आठवले. त्या बराच वेळ नदीकडे पाहत होत्या. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. शेवटी म्हणाल्या, "मग तो कागद चुकला. परत गेलो की नवा लिहून द्या." आणि तुळस उचलून चालू लागल्या. पंढरपूरपर्यंत त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोलल्या.

पुण्याला आल्यावर मी तबकडी घेऊन गेलो. नवा कागद लिहिला, खाली सही केली. मग त्यांना विचारून बैठकीतल्या पाचही जणांना त्यांच्याच घरी बोलावले आणि सगळे सांगितले. एकाने मान वळवली. तो पुढे तीन महिने माझ्याकडे आला नाही. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही.

त्या दिवशी जुनी आणि नवी तबकडी शेजारी ठेवून ऐकली. जुनीत ट्रम्पेट धारदार, अगदी जवळचे, पण बारीक चुरचुर. नवीत शांतता, मृदंगाच्या डग्ग्यासारखे खालचे स्वर घुमणारे. आमचा वाद रंगला. वहिनी दारात बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "रात्री जेवणे झाली की हे लावायचे. मी भांडी घासत ऐकायचे." आम्ही विचारले, "वहिनी, दोन्हीतली कुठली चांगली?" आम्हाला वाटले, त्या जुनीच म्हणतील. त्या म्हणाल्या, "नवी. स्वच्छ आहे. मला ती साडेचार हजारवाली पुरे. जुनी द्या विकून."

तशी ती विकली. सगळी रक्कम वहिनींच्या खात्यात गेली. नात आता दुसऱ्या वर्षाला आहे. नवी तबकडी मी आणून दिली. माझे जुने यंत्रही त्यांच्याकडे आहे. पुढच्या वारीत त्यांनी मला पुन्हा "भाऊजी, जेवा" म्हटले. तो आवाज पहिल्यासारखा होता का, हे मी कान देऊन ऐकले. अजून थोडा फरक आहे. तो राहील, आणि तो मी सोसायला हवा.

चुकलेला तो कागद मी वहिनींकडून मागून घेतला आहे. तबकड्यांच्या कपाटात आतून चिकटवला आहे. दार उघडले की तीनशे रुपयांची ती ओळ आधी दिसते, तबकड्या नंतर.

माउली, तुमच्याकडे तबकड्या नसतील. पण जमिनीची वाटणी असेल, दुकानाची वही असेल, बहिणीच्या दागिन्यांचा हिशोब असेल. समोरच्याला वाचता येत नाही आणि आपल्याला येते, अशी एखादी बारीक अक्षरांची पट्टी प्रत्येकाच्या संसारात असते. आपले कागद एकदा उजेडात तिरपे धरून पाहा. एखादी ओळ चुकली असेल, तर ज्याचे त्याला सांगा, आणि नवा कागद लिहून द्या.

रामकृष्ण हरी.