नाहीतर काय झालं असतं?

आमच्या जर्नल क्लबला येणारी मुलं हुशार असतात, पण शोधनिबंध शेवटाकडून वाचतात. आधी निष्कर्ष, वेळ उरलाच तर सारांश, आणि तक्ते ‘नंतर बघू’. म्हणून निबंध वाटतानाच मी सारांश आणि शेवटची पानं काढून घेतो. हातात उरते फक्त पद्धत आणि आकडे. निष्कर्ष तुम्हीच लिहा, असं सांगतो. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होतात.

मी कॉर्नियाचा डॉक्टर, आणि काम ऊसपट्ट्यात. तोडणीच्या हंगामात पाचट लागून लाल झालेले डोळे ओपीडीत सतत येतात. त्यातल्या काहींत बुरशी वाढते आणि शेवटी फूल पडतं. त्यामुळे नेपाळच्या भक्तपूरचा एक निबंध आमच्याकडे हमखास वाचला जातो. तिथे गावातल्या स्वयंसेवकांना शिकवून तयार केलं होतं. कॉर्नियावर ओरखडा दिसला की क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम, दिवसातून तीनदा, तीन दिवस. निकाल २००१ साली प्रसिद्ध झाला. ४४२ ओरखड्यांपैकी ९६ टक्के संसर्ग न होता भरले. १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकालाही अल्सर झाला नाही.

“सर, हे आपल्याकडेही सुरू करायला हवं,” कुणीतरी म्हणतंच.

मग मी विचारतो, ज्यांना मलम दिलंच नाही, त्यांचे किती भरले? पानं मागेपुढे होतात. तो रकानाच नसतो. साधा ओरखडा बहुतेकदा दोन-तीन दिवसांत आपला आपण भरतो, हे या मुलांनी परीक्षेत लिहिलेलं असतं. पण ९६ समोर दिसले की ते आठवत नाही. आणि लवकर आलेले लोक? त्यांचं घर जवळ असेल, जखम स्वच्छ असेल, किंवा घरचं तूप-एरंडेल घालून झालं नसेल. श्रेय मलमाचं की लवकर येण्याचं, हे या निबंधावरून ठरत नाही.

तो रकाना पुढे नेपाळमध्येच भरला गेला. २४ ग्रामविकास समित्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. निम्म्यांत आरोग्य स्वयंसेविकांना हे काम दिलं, निम्म्यांत नाही, आणि तीन वर्षं अल्सर मोजले. २०२२ साली निकाल आला, तेव्हा दोन्हीकडच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हे ऐकलं की वर्ग लगेच दुसऱ्या टोकाला जातो. म्हणजे मलम निरुपयोगी! तसंही नाही. तपासली गेली ती अख्खी योजना. ज्यांनी स्वयंसेविकेचं दारच ठोठावलं नाही, त्यांचे डोळेही त्या हिशेबात आहेत. एखाद्या जखमेवर मलमाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न वेगळा.

तुलना नसणं निदान डोळ्यांवर येतं. चुकीची तुलना जास्त घातक, कारण ती आकड्यांत बसते. १९५० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दृष्टी जात होती. विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी त्यांना एसीटीएच हे संप्रेरक द्यायला सुरुवात केली. ३१ बाळांपैकी २५ जणांची दृष्टी शाबूत राहिली. ज्या दुसऱ्या रुग्णालयात ते दिलं जात नव्हतं, तिथे सातातली सहा बाळं आंधळी झाली. यावर कोण शंका घेईल? सिल्व्हरमन यांनीच घेतली. मग प्रत्येक बाळासाठी पेटीतून गोटी काढायची: पांढरी निघाली तर एसीटीएच, निळी निघाली तर नाही. तेव्हा औषध दिलेल्यांतली साधारण एक तृतीयांश बाळं आंधळी झाली, न दिलेल्यांतली एक पंचमांश. मृत्यूही औषध मिळालेल्या गटातच जास्त. हे सांगितलं की वर्गात एरवी मोबाइल बघणारेही मान वर करतात.

औषध कंपन्यांच्या एमआर मंडळींच्या चकचकीत पत्रकांनाही ‘नाहीतर काय झालं असतं?’ हाच प्रश्न विचारून बघावा. डोळ्यांच्या व्हिटॅमिनांचा आधार म्हणून दाखवला जातो तो २००१ चा अमेरिकन अभ्यास. त्यात फायदा दिसला तो मॅक्युलाची झीज ठरावीक टप्प्याला पोचलेल्यांना. मोतीबिंदूवर परिणाम झाला नाही. आपल्याकडे त्या गोळ्या डोळ्यांपुढे माश्या दिसणाऱ्यालाही लिहून दिल्या जातात.

ग्रामीण रुग्णालयांतल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना मात्र या वादात रस नसतो. “सर, उद्या पाचट लागलेला माणूस आला तर त्याचं काय करू?” प्रश्न अगदी रास्त. डाय घालून ओरखडा बघा. पट्टी बांधू नका: साध्या ओरखड्यालासुद्धा पट्टीने भरायला मदत होत नाही, हे कॉक्रेनच्या आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलंय, आणि पाल्यापाचोळ्याची जखम झाकणं तर धोक्याचंच. स्टेरॉइडच्या थेंबांना हात लावू नका. दुसऱ्या दिवशी परत बोलवा. पांढरा डाग दिसला तर खरवडून नमुना घेण्यासाठी आमच्याकडे पाठवा. बुरशी निघाली तर आम्ही जुनं नाटामायसिनच घालतो, कारण दक्षिण भारतात ३२३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते नव्या, महागड्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरलं. फ्युजेरियम बुरशीत तर ठळकपणे.

आणि मलम? तेही द्या. ते स्वस्त आहे, अपाय क्वचित होतो, आणि जखमी डोळा नुसता घरी पाठवायला मन धजत नाही. पण वहीत त्याच्यापुढे कॉक्रेन किंवा दक्षिण भारत लिहू नका. ‘वहिवाट’ एवढंच लिहा.