खरपूस की करपट?

जळगाव
मृग लागला त्याचा दुसरा दिवस

प्रिय भाचीबाई,


तुझी वही पोचली. अठरा कविता, त्यात 'मन' चौदा वेळा, 'आभाळ' अकरा वेळा आणि वास एकाही कवितेला नाही. रागावू नकोस. तुझ्या वयात मीही विरहावर वह्या भरल्या. विरह व्हायला आयुष्यात तोवर कुणी आलेलंसुद्धा नव्हतं!

डिसेंबरात तू इथे होतीस. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून आपण भरताची वांगी भाजली. तू फोटो काढलास. छानच आलाय. पण त्यात काड्यांचा तडतडाट नाही. साल फुगून फाटलं आणि देठापाशी रस चर्रकन बाहेर आला, तो आवाज नाही. गरम साल सोलताना चटका बसला तशी तू बोटं कानाच्या पाळीला लावलीस. आठवतंय? त्यावर वहीत एक ओळ नाही. संध्याकाळच्या रंगांवर मात्र दोन पानं.

डोळा आगाऊ असतो गं. सगळ्यांच्या आधी बोलतो आणि बरंचसं ऐकीव बोलतो. चंद्र दिसला की 'रुपेरी' म्हणून मोकळा. नाकाला ही लबाडी जमत नाही, म्हणून सुरुवात नाकापासून कर. आपल्याकडे त्यासाठी शब्द किती आहेत बघ: खमंग, खवट, कुबट, आंबूस, ओशट, उग्र. वांगं खरपूस असतं ते करपट कधी होतं? मिनिटा-दोन मिनिटांचा खेळ. त्या मधल्या वासाला मला अजून शब्द सापडलेला नाही. तुला सापडला तर कळव.

इथून जवळच आसोदे. बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात गात राहिल्या. घरच्यांनी काही लिहून ठेवलं, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. लोक कौतुकानं म्हणतात, 'निरक्षर असूनही'. त्या 'असूनही'चा मला राग येतो. माळ्यावरचं जातं उतरवून तू ओढून बघ. दाणे असतात तोवर ते जड फिरतं, घरघर खालच्या सुरात लागते. वैरण संपत आली की हात हलका होतो, दगडावर दगड खरखरतो आणि न बघता दुसरी मूठ जात्याच्या तोंडात जाते. माझ्या मते लय अशी आधी दंडाला कळते. मात्रा मोजणं मागाहून. तुझ्या वृत्तातल्या कविता निर्दोष आहेत, पण एकीचाही दंड भरून आलेला नाही.

काल कैरीचं लोणचं घातलं. या पत्राबरोबर एक बरणी पाठवतेय. लगेच खाऊ नकोस, मुरू दे. रोज रात्री झाकण काढून हुंगायचं आणि एक ओळ लिहायची. 'जणू' नको, 'जसं' नको, आणि 'मन' तर अजिबात नको. पहिल्या दिवशी मोहरी नाकात चढेल, हिंग पुढे पुढे करेल. मग कैरी पाणी सोडेल, तेव्हा काय होतं ते तू सांग.

आणि ढवळताना डाव कोरडा घे. मागच्या वर्षी ओला घातलास आणि अख्ख्या बरणीला बुरशी आली होती.

तुझी,
मावशी