एस की एम?

गेल्या लावणीत बांधावरून पाय घसरून आमची आई पडली. वय बासष्ट. मनगटाजवळचे हाड मोडले. भातसानगरहून गाडी करून एका दवाखान्यात नेले, प्लास्टर झाले. पण अपघात विम्याचा दावा परत आला. का, तर डिस्चार्ज कार्डावर 'एम ८०' लिहिलेले!

हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाचे कोड. दहाव्या आवृत्तीत 'एम ८०' म्हणजे हाडे ठिसूळ होऊन मोडलेले हाड, अर्थात आजार. 'एस ५२.५' म्हणजे मनगटाकडचे तेच हाड इजेने मोडणे. पुढे शून्य असेल तर मोड बंद, एक असेल तर उघडी जखम. पडण्याचेही कोड असतात : घसरून पडणे 'डब्ल्यू ०१', झाडावरून पडणे 'डब्ल्यू १४'. (आंब्या-जांभळाच्या दिवसांत आमच्याकडे हाच जास्त लागेल.)

बाईचे वय पाहिले आणि ठिसूळ हाड ठरवून टाकले. घनतेची तपासणी झालीच नव्हती. "आजी, पडलात कशा?" एवढेही कोणी विचारले नाही, याचा मला राग आहे. भगिनींनो, कार्ड हाती येताच कोडचे पहिले अक्षर बघा, आणि पडण्याचे कारण लिहून घ्या.

दोन खेपा घातल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पाहून कार्ड बदलून दिले. दावा नव्याने पाठवला आहे.