गरापर्यंतचा रंग

बुऱ्हाणपूरहून फोपनारला जाताना दुतर्फा केळीच्या बागा लागतात. 1964 साली या गावी बुद्धाच्या सात कांस्यमूर्ती सापडल्या आणि पुरातत्त्वाच्या ग्रंथांत फोपनारचे नाव कायमचे नोंदले गेले. परंतु आज आम्ही लिहिणार आहोत ते त्या मूर्तींविषयी नव्हे, तर या केळीबागांतून हिंडताना आठवलेल्या एका परदेशी द्राक्षाविषयी.

केळीचा वंश मुनव्यांवर चालतो. जशी आई तसेच लेकरू. द्राक्षाचीही काडी लावून जात जशीच्या तशी राखता येते. मात्र दोन जातींचा संकर केला की बीजातून उगवणारे प्रत्येक रोप निराळे. मग पूर्वजांचे काय उतरते आणि काय हरपते? फ्रान्समधील ‘अलिकांत बुशे’ या द्राक्षाची वंशावळ याचे मोठे मनोज्ञ उत्तर देते.

बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीतच असतो. गर पिळला तर रस जवळजवळ पांढरा निघतो. म्हणून लाल मद्य करताना साली रसात भिजत ठेवाव्या लागतात. अलिकांत बुशेचा मात्र गरच लाल. दक्षिण फ्रान्समध्ये लुई बुशे यांनी ‘तँत्युरिए’, म्हणजे रंगारी, या लाल गराच्या जुन्या जातीचा आरामोंशी संकर करून ‘पती बुशे’ सिद्ध केली. पुढे त्यांचे पुत्र आंरी यांनी तिचा ग्रनाशशी संकर केला आणि एकोणिसाव्या शतकात ही जात जन्मास आली. फिक्या मद्याला रंग देणे हे तिचे काम; बाटलीवर नाव बहुधा दुसऱ्याचेच. अमेरिकेतील 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात, घरगुती मद्यासाठी, ही जाड सालीची द्राक्षे कॅलिफोर्नियातून आगगाडीने पूर्वेकडील शहरांपर्यंत जात असत.

तिच्याच वंशात पुढे कॅलिफोर्नियात ‘रुबीरेड’ झाली. रुबीरेडपासून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘पुसा नवरंग’ निघाली, आणि नवरंगचा ‘फ्लेम सीडलेस’शी संकर करून पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ तयार केली. ही रसासाठीची जात आहे. देश बदलले, नावे बदलली, उपयोगही बदलला. परंतु मेडिकाचा घोस पिळला की रस लालच निघतो.

मुलुखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घरांनी या वंशावळीचा विचार करावा, असे आम्हांस वाटते. शाळेत नि बाजारात हिंदी, सोयरिकी दूरदूरच्या. मुनव्यासारखे जसेच्या तसे राहणे कोणत्याच घराण्याला साधत नाही, आणि त्याचा खेद करण्याचेही कारण नाही. परंतु केवळ सणासमारंभांत काढलेली मराठी हा सालीचा रंग होय. पंगतीत, रुसव्याफुगव्यांत आणि अंगाईत जी बोलली जाते, ती गराची. नातवंडांशी आपण यांतील कोणती बोलतो, हे घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी एकदा पाहावे.