पोचा

'पोचा' हा मराठीतला जुना, घरगुती शब्द. हंडा आडाच्या काठावर आपटला की पोचा, पितळी तांब्या पोराच्या हातून निसटला की पोचा. तो काढायला तांबट असे. पुढे मोटारी आल्या, पोचे मोठे झाले आणि तांबटाच्या जागी डेंटर आला. शब्द मात्र तोच राहिला. आमच्या निपाणीला हायवेच्या कडेच्या गॅरेजांत कन्नड गिऱ्हाईक त्याला 'नेग्गु' म्हणते, मराठी गिऱ्हाईक 'पोचा' म्हणते आणि डेंटर दोघांनाही एकच दर सांगतो.

या कामाशी माझा संबंध आला तो शाळेच्या वाचनालयामुळे. नवी खोली बांधण्याइतका पैसा नव्हता. संस्थेच्या एका हितचिंतकांनी भंगारात निघालेल्या एका जुन्या बसचा सांगाडा मिळवून दिला. इंजिन नाही, चाके नावापुरती. पण अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बराचसा धड. ती बस कोणत्या राज्याची, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. रंगाच्या पोपड्यांवरून जाणकारांनी ते ओळखले आणि तेवढ्यावरून आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस वाद रंगला. बसच्या डाव्या अंगाला, खिडकीखाली, परातीएवढा पोचा होता. मधोमध टोकदार खड्डा आणि भोवती उठलेली कड. दगडाचा पोचा आमच्याकडच्या माणसाला ओळखावा लागत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणीचा हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून वाद तापला की त्याची पहिली झळ वाहनांना लागते. डिसेंबर २०२२ मध्ये तेच झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच. कुठे काळे फासले, कुठे दगड आले, आणि दोन्हीकडच्या गाड्या हद्दीपाशी थांबल्या. गाडी थांबली म्हणजे मिरजेला दवाखान्यात निघालेली म्हातारी थांबते, कोल्हापूरला परीक्षेला निघालेला पोरगा थांबतो. मागणी न्याय्य असेल, राग खरा असेल. पण दगड लागतो तो पत्र्याला, आणि पत्र्याआड बसलेला माणूस बहुधा आपल्याच गल्लीतला असतो.

पोच्याचे काय करायचे यावर संस्थेच्या बैठकीत तीन मते पडली. एक म्हणाले, पत्रा कापून नवा लावा. दुसरे म्हणाले, लांबी भरा आणि वरून रंग मारा. उद्घाटनाला पाहुणे येणार आहेत. तिसऱ्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे वेगळेच होते : पोचा तसाच राहू द्या, तो आपल्या लढ्याची खूण आहे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या खिडकीशी पुस्तक घेऊन बसणारी पाचवीची पोरे होती. मी डेंटरला बोलावले.

सत्तरीकडे झुकलेले चाचा आले. त्यांनी हातावर जुने फडके घेतले आणि डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवला. म्हणाले, "हेडसर, लांबी भरली तर एका पावसाळ्यात पापुद्रा निघंल. ठोकूनच काढाय पायजे."

पुढचे चार दिवस शाळा सुटल्यावर मी तिथे खुर्ची टाकून बसत असे. आधी आतले अस्तर उतरवले, कडेचे रिपीट फोडून पत्रा मोकळा केला. पत्रा लोखंडी सांगाड्याला जिथे टेकत होता तिथे पांढरी भुकटी साचली होती. दोन वेगळे धातू एकमेकांना लागून राहिले आणि मध्ये ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम झिजते. म्हणून चाचांनी सांगाड्याला रंगाचा हात दिला आणि मध्ये रबराची पट्टी घातली.

मला वाटले, आता खड्ड्याच्या पाठीमागून घाव घालतील. त्यांनी मान हलवली. "धोंडा लागला तिथं हातोडा न्यायचा न्हाई. आधी मध खचला, मग कड उठली. आपण उलटं यायचं. जे शेवटाला झालं ते आधी काढायचं." खड्ड्यामागे लोखंडी डॉली दाबून धरायची आणि बाहेरून उठलेल्या कडेवर लाकडी मोगरीने हलके टोले द्यायचे. कड बसत जाते, तसा मधला भाग आपसूक वर येतो.

ठोकताना पत्रा कडक होतो. मग तो तडकतो. त्याला मऊ करायला ताव द्यावा लागतो. इथे अ‍ॅल्युमिनियम फसवते. लोखंड लाल होऊन इशारा देते. हे ६६० अंशांना वितळते आणि तोवर रंग बदलत नाही. चाचांनी आधी गॅसच्या धुरकट ज्योतीने पत्र्यावर काजळी धरली, मग साफ ज्योत फिरवली. काजळी उडाली की ताव पुरे. तिथेच थांबायचे.

हे सगळे करणारा हात चाचांचा नव्हता. त्यांची नजर आता अधू झाली आहे. हात होता माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. गणितात हुशार पोर. बारावीत असताना एका बंदच्या दिवशी दगडफेकीच्या गुन्ह्यात त्याचे नाव आले. त्याने दगड मारला होता की तो नुसता उभा होता, हे मी त्याला कधी विचारले नाही. तारखा पडत राहिल्या. शेवटी तो निर्दोष सुटला, पण तोवर भरतीचे वय निघून गेले होते. मधल्या वर्षांत चाचांनी त्याला जवळ केले. त्याला शपथा घालायला नेणारे पुष्कळ भेटले होते; सुटल्यावर रोजगार देणारे हे एकटेच.

दुपारच्या चहाला मी त्याला सांगितले, की कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरांवरचे बॉक्साइट बेळगावला यमनापूरच्या कारखान्यात येत आले आहे आणि त्याचा तिथे अ‍ॅल्युमिना होतो. तो हसला. म्हणाला, "सर, म्हंजे पत्र्याची आईबी एका राज्यातली आन् बापबी दुसऱ्या राज्यातला."

चौथ्या दिवशी पोचा निघाला, पण पुरता नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात अजून एक बारीक लाट दिसते. त्याला ती खुपत होती; पुन्हा मोगरी उचलली तेव्हा चाचांनी त्याचा हात धरला. "ताणलेला पत्रा हाय बाबा. एवढं ऱ्हाणार. आता जास्त ठोकलास तर फाटंल."

असली माणसे आता कमी होत चालली आहेत. हल्ली गाडीला जरा लागले की आख्खा भाग बदलतात. ते लवकर होते. पोचा काढायला वेळ लागतो, आणि तो कुठून सुरू झाला, कुठवर गेला हे पाहणारा माणूस लागतो.

वाचनालय सुरू झाले आहे. खिडकीशी वारा येतो म्हणून पोरे तीच जागा आधी पकडतात. महिन्यातून एकदा तो येतो, मराठी आणि कन्नड अशी एकेक गोष्टींची पुस्तके आपल्या मुलीसाठी नेतो, आणि जाताना पत्र्यावरून तळवा फिरवून जातो.